गिटार शिकताना तुमची चूक कोण ऐकणार? क्लास, स्वयंशिक्षण आणि पहिले काही महिने

नव्याने गिटार घेतलेल्याला पहिल्या महिन्यात एक गोष्ट काही केल्या कळत नाही. कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा गट) फर्र वाजतेय ती बोट चुकल्यामुळे, तार उतरल्यामुळे, की गिटारच्या ताराच फ्रेटबोर्डपासून (मानेवरच्या बोटं ठेवायच्या पट्टीपासून) फार उंच आहेत म्हणून? शिक्षक समोर असला तर एकदा तारा छेडून सांगतो. एकटा शिकणारा मात्र महिनाभर आपल्या बोटांना दोष देत राहतो, आणि मग गिटार कपाटावर जाऊन बसते.

क्लास लावायचा की आपलं आपण शिकायचं, हे फी आणि वेळ यांच्याही आधी याच मुद्द्यावर ठरवा. कॉर्डचे तक्ते, टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारी लिपी), व्हिडिओ सगळं सहज मिळतं. मिळत नाही तो चूक ऐकणारा कान. शिक्षकाकडे तो तयार असतो, एकट्याने शिकायचं तर स्वतःचा तयार करावा लागतो. दोन्ही रस्त्यांनी चांगले वादक झाले आहेत. पण वाद्य तपासणं, सूर लावणं आणि पहिल्या महिन्यातली बोटं यांतून दोघांनाही जावंच लागतं, म्हणून सुरुवात तिथून.

आधी वाद्य तपासा

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते, पण तिची मान रुंद असते. नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिथे, सुमारे ५२ मिमी. पोलादी तारांच्या अकूस्टिकची मान ४३-४४ मिमी असते, तारा मात्र टोचतात. इलेक्ट्रिकवर सहसा ०९ किंवा १० चा (हा आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा) पातळ संच असतो, त्यामुळे दाबायला तीच सर्वांत हलकी. "आधी अकूस्टिकवरच शिकावं" या आग्रहाला अर्थ नाही. जे संगीत वाजवायचंय त्याची गिटार घ्या. एकच पथ्य पाळा: क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीच चढवू नका. पोलादी संचाचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा साधारण ४० किलो असतो. जास्तीच्या ताणाने ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात तो तुकडा) उखडतो किंवा मान वाकते.

फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्या नटपासून मोजतात. आता एक पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालची पोकळी मोजा. अकूस्टिकवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली साधारण २.५ मिमी आणि पहिल्या तारेखाली २ मिमीच्या आसपास असेल तर ठीक. ३ मिमीच्या वर गेली तर शिकणाऱ्याचे हाल होतात. क्लासिकलवर ४ आणि ३ मिमी नेहमीचंच आहे. उंची कमी करायला सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी, खालच्या बाजूने घासतात. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी हवा असेल तर सॅडल २ मिमी उतरवावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. घाईत जास्त घासलं की सॅडल वाया जातं. मानेतला ट्रस रॉड हा मानेचा बाक सुधारण्यासाठी असतो. तारा उंच आहेत म्हणून तो पिळू नका.

बाराव्या फ्रेटपेक्षाही नटकडे दुर्लक्ष जास्त होतं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यामधली फट पाहा. ती कागदाएवढीच असायला हवी. जाड पुठ्ठा शिरेल इतकी फट असेल तर नटच्या खाचा उंच आहेत, आणि पहिल्या तीन फ्रेटवरच्या सगळ्या कॉर्ड विनाकारण जड जातील. शिवाय तार जास्त खाली ओढली गेल्याने सूर चढेल. गिटार बरोबर लावलेली असूनही सी कॉर्ड बेसूर वाटते त्याचं एक कारण हे. खाचा खोल करायचं काम दुरुस्ती करणाऱ्यालाच द्या. त्याच फेरीत ११-५२ किंवा १०-४७ चा हलका संच चढवून घ्या. दुकानातून येणाऱ्या बऱ्याच गिटारींवर १२ चा असतो.

सूर लावणं

सहावीकडून पहिलीकडे: ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर किंवा अॅपवर) अक्षरासोबत आकडाही दिसत असेल तर तोही पाहा: ई२, ए२, डी३, जी३, बी३, ई४. नवशिक्यांच्या बारीक तारा बहुतेक इथेच तुटतात. चुकून दुसऱ्याच तारेची खुंटी हातात असते, किंवा उतरलेली तार एक सप्तक वर चढवली जाते. तार शेजारणीपेक्षा खूपच कडक लागायला लागली की थांबा आणि आकडा बघा.

सूर नेहमी खालून वर चढवत आणा. काटा पुढे गेला तर तार पुरती उतरवा आणि पुन्हा चढवा. वरून खाली आणलेल्या तारेत खुंटीपाशी आणि नटच्या खाचेत ढील राहते, आणि दोन मिनिटं वाजवलं की सूर घसरतो.

ट्यूनर असला तरी कानाने लावायची सवय पहिल्या आठवड्यापासून ठेवा. सहावी तार ट्यूनरवर लावा. तिचा पाचवा फ्रेट दाबला की पाचव्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. पाचवीवरून चौथी, चौथीवरून तिसरी तशीच. तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा फ्रेट, आणि दुसरीवरून पहिली पुन्हा पाचवा. दोन सूर जवळ आले की आवाजात लाटा ऐकू येतात: वाँव-वाँव-वाँव. सूर जसजसा जुळतो तशा त्या संथ होतात आणि शेवटी थांबतात. हे काम रोज ३ मिनिटांचं आहे. सगळ्या तारा झाल्या की ट्यूनरवर तपासा. पहिल्या महिन्यात चुकाल, आणि काटा किती आणि कुठल्या बाजूला चुकलात ते लगेच सांगेल. एकट्या शिकणाऱ्याला इतका नेमका परीक्षक दुसरा मिळणार नाही.

बोटं: किती दाबायचं?

गिटार मांडीवर अशी ठेवा की डावा हात काढून घेतला तरी ती जागची हलणार नाही. मान तोलून धरायचं काम डाव्या हाताकडे असेल तर तो कॉर्ड बदलायला मोकळाच राहत नाही. (डावखुऱ्यांनी या लेखातले डावे-उजवे आपल्या गिटारप्रमाणे उलटे घ्यावेत.) अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर. डाव्या हाताची नखं त्वचेबरोबर कापलेली हवीत. नख वाढलं की बोट उभं राहत नाही, आडवं पडतं आणि शेजारची तार बंद करतं.

आता हा प्रयोग करा. तिसऱ्या तारेवर, पाचव्या फ्रेटला, बोट नुसतं टेकवा. उजव्या हाताने तीच तार छेडत राहा आणि बोटाचा दाब हळूहळू वाढवा. आधी ठप्प आवाज येईल, मग फरफर, आणि एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. दाब एवढाच लागतो, त्यापुढचा सगळा वाया. हाच प्रयोग बोट चौथ्या आणि पाचव्या फ्रेटच्या बरोबर मध्ये ठेवून करा, मग पाचव्या फ्रेटच्या धातूला अगदी खेटून, पण त्यावर न चढता करा. खेटून ठेवलं की जवळजवळ निम्म्या जोरात काम होतंय असं वाटेल. बहुतेकांच्या बोटांचं दुखणं जोर कमी पडल्याने नसतं, बोट फ्रेटपासून लांब असल्याने असतं.

कॉर्ड बिघडली की सहाही तारांवर एकदम हात मारून काही कळत नाही. एकेक तार छेडा. फर्र आवाज म्हणजे ती तार दाबणारं बोट फ्रेटपासून लांब किंवा दाब कमी. ठप्प आवाज म्हणजे शेजारचं बोट तिला चिकटलंय. अशा वेळी जोर वाढवू नका, बोटाचं पहिलं पेर उभं करा आणि मनगट थोडं पुढे घ्या. मोकळी तारसुद्धा फरफरत असेल तर दोष बोटाचा नाही, वाद्याचा आहे.

टोकांची त्वचा २ ते ४ आठवड्यांत घट्ट होते. तोवर एका बैठकीत १० मिनिटं, दिवसातून दोनदा. अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवू नका, भिजलेली कातडी सोलवटते. टोकं हुळहुळणं ठीक आहे. मनगटात कळ, बोटांत मुंग्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखणं मात्र चुकीच्या बैठकीची खूण आहे. त्या दिवशी तिथेच थांबा.

कॉर्ड बदलणं हीच खरी शिकवणी

ई मायनरपासून सुरुवात करा: मधलं बोट पाचव्या तारेच्या आणि अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, बाकी तारा मोकळ्या. मग ए मायनर, सी, जी, डी. या पाचांवर असंख्य गाणी वाजतात. प्रत्येक कॉर्ड सुटी सुटी गिरवण्यात आठवडे घालवू नका. अडतं ते एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना.

सीवरून ए मायनरवर जाताना काय होतं ते हळू करून पाहा. सी मध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट चौथीच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका पाचवीच्या तिसऱ्या फ्रेटवर असते. ए मायनरमध्ये तर्जनी आणि मधलं बोट जिथल्या तिथे राहतात. फक्त अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. तरी जवळजवळ प्रत्येक नवशिका तिन्ही बोटं उचलतो आणि नव्याने मांडतो. जी अनामिका, मधलं बोट आणि करंगळीने धरलात (सहाव्या तारेचा तिसरा, पाचवीचा दुसरा, पहिलीचा तिसरा फ्रेट) तर सीवर जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीने एकेक तार खाली सरकतात, करंगळी सुटते आणि तर्जनी येऊन बसते. प्रत्येक नव्या जोडीपाशी आधी हेच शोधा: कुठलं बोट जागेवर राहतंय, कुठलं नुसतं सरकतंय?

मग घड्याळ लावा. एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती बदल झाले ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत दर ४ मात्रांना कॉर्ड बदलली तर मिनिटाला २० बदल होतात. तुम्हाला घाई न होता ४० जमत असतील तर ती जोडी गाण्यात घ्यायला तयार आहे. २५ वरच दम लागत असेल तर गाण्यात अडखळणार हे नक्की. डी आणि जी ही जोडी बहुतेकांची मागे राहते, तिला रोज एक मिनिट जास्त द्या.

उजवा हात थांबता कामा नये

कॉर्ड उशिरा बसली तर श्रोता माफ करतो, लय तुटली की करत नाही. तोंडाने मोजा: एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्. आकड्यावर हात खाली, 'अन्'वर हात वर, घड्याळाच्या लंबकासारखा. तार लागो न लागो, हात चालूच. आता सगळ्यांना शिकवला जाणारा पॅटर्न घ्या: डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. घोटाळा 'तीन'वर होतो. तिथे हात खाली जातो पण तारांना स्पर्श न करता, आणि पुढच्या 'अन्'ला वर येताना तारा घेतो. लोक या रिकाम्या डाउनला हात थोपवतात, म्हणून त्यांचं स्ट्रमिंग लंगडं वाजतं. तारांवर डावा हात नुसता टेकवून त्या बंद करा आणि फक्त हा पॅटर्न मिनिटाला ६० ठोक्यांवर ५ मिनिटं वाजवा. सलग चुकीविना झालं की ४ ठोके वाढवा. सहा मात्रांच्या गाण्यात सहाही डाउन घ्या आणि पहिल्या व चौथ्या मात्रेवर वजन द्या, सुरुवातीला एवढं पुरे.

पिक (तारा छेडायची छोटी चकती) ०.६ ते ०.७३ मिमी जाडीची घ्या आणि तिचं टोक बोटांबाहेर थोडंच ठेवा. जास्त बाहेर आलं तर ती तारांत अडकते आणि हातातून निसटते.

क्लास लावायचा असेल तर

शिक्षक स्वतः किती वेगाने वाजवतो हे पाहून निवड करू नका. एक तास आधी करून पाहा आणि त्या तासात तुम्ही किती वेळ वाजवलंत ते मोजा. ४५ मिनिटांत निम्म्याहून कमी असेल तर ती मैफल झाली. चांगला शिक्षक तुमच्या हाताकडे बघत असतो, अडलेल्या जागी थांबवतो, चूक का झाली ते सांगतो आणि घरी नेमकं काय, किती ठोक्यांवर करायचं ते लिहून देतो. दर वेळी तुमची गिटार स्वतःच लावून देणारा शिक्षक दोन मिनिटं वाचवतो, पण तुम्हाला वर्षभर सूर लावता येत नाही. "मी लावतो, तुम्ही तपासा," एवढं सांगितलं तरी हे बदलतं.

दहा जणांच्या वर्गात लय छान बसते, सोबत वाजवण्याची सवय होते, पण तुमची फरफरणारी तार कोणाला ऐकू येत नाही. पहिले दोन महिने एकट्याचा तास आणि नंतर गटात, हा क्रम उत्तम. परीक्षांची शिस्त हवी असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि रॉकस्कूल यांच्या आठव्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा असतात. वर्ष वर्ष त्याच तीन तुकड्यांवर अडकून राहणार नाही एवढं मात्र पाहा.

आठवड्यातून एक तास शिकून सहा दिवस गिटार न उघडणाऱ्याला कुठलाही क्लास पुढे नेऊ शकत नाही. तासाला जाताना एक प्रश्न लिहून न्या. "डीवरून जीवर जाताना चौथी तार बंद पडते" असा नेमका प्रश्न असला की तास सोन्याचा होतो.

आपलं आपण शिकायचं असेल तर

एक अभ्यासक्रम निवडा आणि तीन महिने बदलू नका. आज एकाचा व्हिडिओ, उद्या दुसऱ्याचा, असं केलं की ई मायनर पाच वेळा शिकून होतो आणि लय कधीच शिकून होत नाही. व्हिडिओसोबत वाजवण्यात एक फसवणूकही आहे: शिकवणाऱ्याची गिटार तुमच्या चुका झाकते. तुमचा अर्धवट वाजलेला सी त्याच्या पूर्ण सीमध्ये मिसळून जातो. म्हणून पाहा, बंद करा, मग वाजवा.

रोजची २५ मिनिटं अशी वाटून घ्या: ३ मिनिटं सूर लावणं, ५ मिनिटं कॉर्डच्या जोड्या, ७ मिनिटं बंद तारांवर लय, ७ मिनिटं गाणं, आणि शेवटची ३ मिनिटं फोनवर रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकू नका. हाताला पडलेले कष्ट आठवत असतात, त्यामुळे कान सवलत देतो. दुसऱ्या दिवशी ते परक्याचं वाटतं. एकदा फक्त लय ऐका, पाय ठोकत. दुसऱ्यांदा फक्त तारांची स्वच्छता ऐका. एका वेळी एकच दोष टिपा आणि पुढचे तीन दिवस तोच दुरुस्त करा.

टॅबमध्ये सर्वांत वरची रेघ ही सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार. अनेक जण ती उलटी वाचतात. शिवाय साध्या टॅबमध्ये सुराची लांबी दिलेली नसते, म्हणून गाणं आधी ऐकून तोंडपाठ झाल्याशिवाय टॅब उघडू नका.

कान तयार करायला पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट सा धरा. चौथी मोकळी रे, तिचा दुसरा फ्रेट ग, तिसरा म. तिसरी तार मोकळी प, तिचा दुसरा फ्रेट ध. दुसरी मोकळी नी, तिचा पहिला फ्रेट वरचा सा. आता लहानपणापासून माहीत असलेली एखादी चाल टॅब न बघता शोधा. पहिली ओळ शोधायला अर्धा तास लागेल, चौथी पाच मिनिटांत सापडेल. जॅझ गिटारिस्ट वेस माँटगमरी स्वतःच्या स्वतः शिकला आणि त्याला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नव्हतं. गिटारिस्ट चार्ली ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिका ऐकून माँटगमरीने ख्रिश्चनचे सोलो सुराला सूर लावून बसवले होते. आज तेच काम गाण्याचा वेग ७५ टक्के करून, सूर न बदलता, करता येतं.

एकट्याने शिकत असाल तरी दुसऱ्या आठवड्यात आणि मग तिसऱ्या महिन्यात जाणत्या माणसाकडे एकेक तास जरूर घ्या. बैठक आणि मनगट यांतल्या चुका रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाहीत.

एफ: जिथे दोघेही अडतात

आधी छोटा एफ: अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट तिसरीच्या दुसऱ्या फ्रेटवर, तर्जनी आडवी करून पहिल्या दोन तारांच्या पहिल्या फ्रेटवर. पाचवी आणि सहावी वाजवायची नाही. गाण्यात हाच वापरा.

पूर्ण बारचा, म्हणजे तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकून धरायच्या कॉर्डचा, सराव पहिल्या फ्रेटवर करू नका, तिथे तार सर्वांत ताठ लागते. पाचव्या फ्रेटवर करा. तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबायच्या असं वाटतं, पण ई मेजर कॉर्डच्या आकाराच्या बारमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं दाबतात. तर्जनीला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच वाजवायच्या असतात. म्हणून बोट मधे थोडं वाकलं तरी चालतं. ते किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं करा, तिथे हाड कठीण असतं. दुसरी तार बंद पडत असेल तर ती बहुधा पेराच्या घडीत अडकली आहे. बोट दोन-तीन मिमी वर-खाली सरकवा. जोर अंगठ्याच्या चिमटीतून काढू नका. उजव्या हाताने गिटार अंगाशी धरा आणि डाव्या हाताने मान मागे ओढा. अंगठा क्षणभर काढूनही कॉर्ड वाजली की तंत्र बरोबर आहे.

दर तीन-चार दिवसांनी एक फ्रेट खाली या: पाच, चार, तीन, दोन. दुसऱ्या फ्रेटवर स्वच्छ वाजणारा बार पहिल्यावर येताच कोलमडला तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि बार दुसऱ्या फ्रेटवर धरा. तोही सहज वाजला, आणि कॅपो काढून पहिल्या फ्रेटवर मात्र वाजेना, तर बोटांना सोडा. नटच्या खाचा उंच आहेत, गिटार दुरुस्तीला न्या.